शमीमचा डॉलर, माझी कमान

शमीम,

तू गेलीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे शब्दांची कसरत नको. हमीदभाईंचा फोन आला तेव्हा मी लातुरात, कॉलेजच्या जिन्यात होते. तुझा नवरा म्हणाला, "सुनंदाताई, नींद में गई. तकलीफ नहीं हुई." मी म्हटलं, "बरं झालं." तोंडातून निघूनच गेलं. तिकडून आवाज आला, "हौ. बरं झालं." मग आम्ही दोघंही रडलो. पण रडण्याच्या आधी हे बोलून झालं होतं, आणि ते खरं होतं.

बाहेर हे सांगता येत नाही. भेटायला येणारे लोक 'अकाली', 'पोकळी' असे शब्द घेऊन आलेले असतात, आणि आणलेलं परत न्यायला कुणाला आवडत नाही.

तुझ्या रक्ततपासणीच्या लॅबनं तुझी शोकसभा घेतली. तू असतीस तर मागच्या रांगेत बसून माझ्या कानात बोलत राहिली असतीस आणि मला खोकला आल्याचं सोंग करावं लागलं असतं. फ्लेक्सवर गुलाबी रंगात तुझा फोटो, भोवती सोनेरी वेलबुट्टी आणि खाली 'संगणक क्षेत्रातील धगधगती मशाल'. जिनं आयुष्यभर संगणकाच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्याशिवाय रंग येऊ दिला नाही, तिच्या वाट्याला हे आलं. प्रमुख पाहुण्यांनी तुला एकदा शाहीन म्हटलं, एकदा शबनम. पुढे त्यांनी नाव घेणंच टाळलं, तो त्यांच्या भाषणातला सगळ्यात चांगला भाग. शेवटी वैशाली उठली. कंधारची वैशाली, तुझ्या हाताखाली तयार झालेली, आता तुझ्या खुर्चीवर बसते. तिनं माईक धरला, म्हणाली, "मॅडम रागवायच्या. पण बरोबर रागवायच्या," आणि खाली बसली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना.

बाहेर चहाच्या वेळी एका बाईंनी मला विचारलं, "त्या नेमकं करायच्या काय?"

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. काळ्या पडद्यावर आपण एक ओळ लिहितो. ती वाचून संगणकाच्या आतल्या यंत्रणेकडून काम करून घेणारा एक मधला गडी असतो, त्याला शेल म्हणतात. काही शेल अंगानं बारीक असतात. सांगितलं तेवढंच करतात, चटकन करतात, काही लक्षात ठेवत नाहीत. काही भरलेले असतात. काल काय सांगितलं होतं ते आठवणीत ठेवतात, अर्धा शब्द लिहिला की उरलेला सुचवतात, चुकलं की अक्षर लाल करतात. शमीम बारीकवाली, मी भरलेल्यावाली. इतकी वर्षं आम्ही यावरून भांडलो.

"एवढ्यावरून?" बाई म्हणाल्या.

"एवढ्यावरून."

"आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्यांवरून चालतं," त्या म्हणाल्या. सभेला आलेल्यांपैकी विषय नीट कळला तो बहुतेक त्यांनाच.

आपलं भांडण तंत्रनिकेतनातलं. वर्गात मुली कमी, संगणक त्याहून कमी, म्हणून आपण दोघी एका यंत्रावर. तू तेव्हाही कळफलक माझ्याकडे द्यायची नाहीस आणि दिलास तर मागून बघत उसासे टाकायचीस. मला आयतं पुरं होणारं वाक्य आवडायचं, कारण मी आळशी. तुला आवडायचं नाही, कारण तुझी स्मरणशक्ती राक्षसी होती आणि ती वापरायला तुला निमित्त लागायचं. पुढे मी लातुरात शिकवायला लागले आणि तू नांदेडला लॅबमध्ये, तरी भांडण चालूच राहिलं. लातूरहून अहमदपूर, लोहा करत येणारी एसटी नांदेडला टेकायची, मी तुझ्या टेबलाशी यायची, माझा लॅपटॉप उघडायची आणि तू ओढणी सावरून सुरू व्हायचीस.

तुझ्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला एक डॉलरचं चिन्ह असायचं. बस. डॉलर आणि पुढे तू. माझ्याकडे त्या जागी वेळ, फोल्डरचं नाव, बॅटरी, शेवटचं काम किती सेकंदांत झालं, आणि हे सगळं तीन रंगांत.

"ही काय लग्नाची कमान हाय का गे? आत जायच्या आधी कुणाकुणाचं स्वागत?"

"वेळ दिसते. कुठल्या फोल्डरात आहे ते दिसतं."

"घड्याळ भिंतीवर हाय. फोल्डर तूच उघडलंस. बॅटरी संपली की अंधार होतो, कळतं."

तू डॅश नावाचा बारीक शेल वापरायचीस. शेल म्हणून कुणाला सांगायला गेलं तर लोक विचारायचे, ते तर संगणक स्वतःच्या कामासाठी ठेवतो, त्यात माणूस कशाला बसतो? वरचा बाण दाबून मागची ओळ बोलवावी तर तुझ्या पडद्यावर कंस आणि एक अनाथ अक्षर उमटायचं. माझं फिश, म्हणजे माझा भरलेला शेल, मागच्या कित्येक महिन्यांचं सगळं लक्षात ठेवायचं आणि एक अक्षर लिहिलं की पुढचं फिकट करड्या रंगात मांडून ठेवायचं, पसंत असेल तर उजवा बाण दाबायचा. तू म्हणायचीस, "ज्याला काल काय केलं ते ठाऊक न्हाई, त्यानं आज मशीनला हात लावू नये."

मी एकदा म्हटलं होतं, "शमीम, साधेपणाचाही थाट असतो. तुझा डॉलर हीसुद्धा कमानच आहे. फक्त तिच्यावर 'इथे कमान नाही' असं लिहिलंय."

त्यानंतर तू बरेच दिवस माझा फोन उचलला नाहीस. उचललास तेव्हा पहिलं वाक्य होतं, "विचार केला. तसं न्हाई." विचार काय केलास ते कधी सांगितलं नाहीस. हा मुद्दा आपल्यात उघडाच राहिला आहे आणि तो बंद करण्याचा हक्क एकटीनं वापरायचं माझ्या मनात नाही.

पण तुझ्या बाजूनंही बोलायला हवं, कारण आता तू बोलायला नाहीस आणि मी फार सहज जिंकेन. तुझी लॅब म्हणजे नांदेडातलं एक मोठं यंत्रघर आणि कंधार, देगलूर, इस्लापूरला रक्त-लघवीचे नमुने घेणाऱ्या छोट्या खोल्या. त्या खोल्यांत संगणक घ्यायची ऐपत नव्हती. तिथं तू डब्याएवढी यंत्रं बसवलीस, ज्यांत सगळ्यात छोटा शेल कसाबसा मावायचा. इस्लापूरला वीज जाऊन आली की तो डबा पेशंटनं चप्पल काढेपर्यंत उठून कामाला लागलेला असायचा. डबे पेशंटची नावं नांदेडला पाठवायचे, रिपोर्ट तयार झाला की ओढून घेऊन छापायचे. ही सगळी बोलणी तू त्या जुन्या साध्या बोलीत लिहिलीस, जी लहानमोठ्या सगळ्या शेलना समजते. माझ्या फिशला ती नीट समजत नाही, त्याचं स्वतःचं व्याकरण आहे. मी हे तेव्हाही मान्य करायची. तू विचारायचीस, "मग?" आणि मी म्हणायची, "डबे डबे आहेत, तू माणूस आहेस." त्यावर तू चहा मागवायचीस.

मग तुझ्या उजव्या हातातून कप निसटायला लागला.

हैदराबादला डॉक्टरांकडे मी सोबत होते. भिंतीवर इतकी प्रमाणपत्रं होती की खिडकीला जागा कमी पडली होती. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी गोल गोल न बोलता सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत जातात, यावर इलाज नाही, तुमच्या बाबतीत हात आधी जातील. हमीदभाईंनी विचारलं, "कितने दिन?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. तू विचारलंस, "हाताचे किती?" तेही सांगता येत नव्हतं.

परतीच्या गाडीत बासरच्या पुलावर तू खिडकीतून गोदावरीकडे बघत बसली होतीस. हमीदभाई डोळे मिटून होते, झोपले नव्हते. तू म्हणालीस, "सुनंदे, मरायचं ठीक हाय. ते सगळ्यांचं हाय. पण काम कधी सोडायचं ते मी ठरवणार. हातानं नक्को ठरवायला."

एवढंच तुझं मागणं होतं. त्यानंतरच्या सगळ्या काळात मला तेवढं एकच दिसत होतं: तुझे हात आधी ठरवतात की तू.

आणि हात घाईत होते. आधी दहा बोटं चालायची, मग काही, मग तू दोन बोटांनी टाइप करायला लागलीस. तुझी वाक्यं लांबलचक, डॅशमध्ये ती दर वेळी पहिल्या अक्षरापासून लिहावी लागायची, आणि मध्ये एक अक्षर चुकलं तर मागे खोडत जायचं. मी शेजारी बसून बघायची. एक ओळ झाली की तू मांडीवर हात टाकून थांबायचीस, जशी एखादी बाई डोक्यावरची घागर उतरवून थांबते.

मी फिशचं बोलणं काढलं. वाद म्हणून नाही काढलं. "शमीम, एक अक्षर आणि एक बाण. दिवसाला किती बोटं वाचतील बघ."

"नक्को."

"कायकू नक्को?" मी तुझ्याच भाषेत विचारलं.

"माझ्या तोंडातलं वाक्य दुसऱ्यानं पुरं केलेलं मला चालत न्हाई."

हमीदभाई जेवणाचा डबा घेऊन आले होते. नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांचं चष्म्याचं दुकान, दुपारी ते बंद करून ते तुला भरवायला यायचे. म्हणाले, "मेरा तो हर जुमला तूच पुरा करती. शादी के दिन से."

"तुम्ही कधी पुरा करत न्हाई म्हणून," तू म्हणालीस, आणि त्यांनी तुझ्या तोंडात घास घातला. मी लातूरला परत गेले. एसटीत चिडचिड झाली, तुझी आणि त्याहून जास्त तुझ्या बोटांची.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर दुपारी, माझा तास चालू असताना तुझा फोन.

"सुनंदे, हसणार न्हाईस?"

"काय झालं?"

"आधी बोल."

"नाही हसणार."

"मी ते तुझं फिश लावलं."

मी हसले. वर्गातली पोरं बघायला लागली, मी बाहेर आले.

"बघ. म्हणून सांगत नव्हते. देगलूरचा नागनाथ सकाळपासून फोन करून राहिला. रिपोर्ट जाऊन न्हाई राहिले. देगलूरचे न्हाई, कंधारचे न्हाई, इस्लापूरचे न्हाई. डबे ठीक हायेत, तार ठीक हाय."

"शेल बदललास कुठे?"

तू पुन्हा नागनाथचंच सांगायला लागलीस.

"शमीम, खात्यालाच लावलंस ना? दारातच?"

"...हौ. आधी हातानं सुरू करत होते, काल रात्री दारात लावलं."

ही चूक आपल्या संगणकवाल्या जमातीशिवाय कुणाच्या हातून होणार नाही. जगातला कुठलाही शहाणा माणूस मुळात इथवर पोचतच नाही. तिन्ही गावांचे डबे तुझ्याच खात्याचं दार वाजवून आत बोलायचे. दारात इतकी वर्षं डॅश उभं होतं, त्याला त्यांची बोली पाठ होती. तू तिथं फिश उभं केलंस. डबा आला, आपल्या जुन्या बोलीत म्हणाला, रिपोर्ट द्या, आणि फिशनं त्याचं व्याकरण काढलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे केलं असतं तर तू त्याला नांदेडच्या बसस्थानकापर्यंत बोलत सोडायला गेली असतीस.

"नागनाथ काय म्हणतो?"

"काय म्हणणार? त्याच्याकडे एक बाळंतीण बसलीय रक्ताच्या रिपोर्टसाठी, तिची सासू त्याच्या डोक्यावर बसलीय. वैशाली फोनवरून आकडे वाचून दाखवून राहिली सगळ्यांना. घसा बसला तिचा."

"मग परत डॅश कर. एका ओळीचं काम आहे."

"ते येतं मला."

"मग कर की."

"मला परत न्हाई करायचं, सुनंदे. तीन दिवस झाले वापरून राहिले. संध्याकाळी हात दुखत न्हाई."

शमीम, तुझ्या तोंडून मला बरोबर ठरवणारं एवढं एकच वाक्य निघालं आणि तेही तू हातावर ढकललंस. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. इतक्या वर्षांचं साठलं होतं. पण कॉलेजच्या व्हरांड्यात उभी राहून मी फक्त म्हटलं, "फोनवरच सांगते, टाइप कर."

तोडगा अगदी छोटा होता. दारात डॅशच राहू द्यायचं. माणूस आत आला की त्याच्यासाठी एक फाईल आपोआप वाचली जाते. तिच्यात एक ओळ टाकायची, समोर खरोखर कुणी कळफलकावर बसलं असेल तर फिश सुरू कर. डबा आला तर ती फाईल वाचलीच जात नाही, त्याचं काम दारातल्या दारात होतं. तू ती ओळ टाइप केलीस, मला फोनवर कळांचा आवाज येत होता, टक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. मागून वैशालीचा बसलेला आवाज आला, "मॅडम, देगलूर गेला! कंधार गेला!"

तू मला म्हणालीस, "म्हणजे डब्यांसाठी माझं, माझ्यासाठी तुझं."

"हो."

"हे बरोबर वाटत न्हाई."

"चालतंय ना?"

"चालतंय म्हणूनच बरोबर वाटत न्हाई."

पुढचे महिने चांगले गेले. आजारी माणसाच्या बाबतीत हे म्हणायला लोक घाबरतात, पण गेले. तू फिशचे सगळे रंग काढून टाकलेस, लाल तर पहिल्याच दिवशी. ("चूक व्हायच्या आधीच ओरडते. माझी सासू परवडली.") माझ्या कमानीच्या जागी तुझा डॉलर आणून बसवलास. आणि सुचवणाऱ्या करड्या अक्षरांशी तुझं जमेना, तेव्हा तू त्यातून तुझी वाट काढलीस. एकेका अक्षराला तू एकेक लांब वाक्य बांधून ठेवलंस. के लिहून मोकळी जागा सोडली की कंधारचं पूर्ण वाक्य पडद्यावर पसरायचं, डी लिहिलं की देगलूरचं, आय लिहिलं की इस्लापूरचं.

"आता तरी दुसरा कुणी पुरं करतो की नाही वाक्य?" मी विचारलं.

"हे दुसऱ्याचं न्हाई. माझंच हाय. मीच घडी घालून ठेवली, मीच उलगडून राहिले."

तुझं एकच बोट नीट चालत होतं तेव्हा आणि त्या एका बोटावर तीन गावांचे रिपोर्ट जात होते. वैशालीला तू शेजारी बसवून शिकवायचीस, तिच्याकडून डॅशमध्ये लिहून घ्यायचीस, पहिल्या अक्षरापासून. ती कुरकुरायची, "मॅडम, तुम्ही तर एकच अक्षर लिहिता." "माझं बोट मेलंय," तू म्हणायचीस, "तुझी दहाच्या दहा जिवंत हायेत, चालव." तिचं गावाकडं शेत, घरी दोन पोरं, सासरे अंथरुणाला, ती तुला उलट बोलायची नाही, पण संध्याकाळी घरी जाताना माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. आता ती सगळं तोंडपाठ करते. तिच्या पडद्यावर रंग आहेत, हेही तुला कळवते.

आभार मानायचे राहिले. तू मला ऐकून घ्यायला शिकवलंस असलं काही मी लिहिणार नाही, मला ते अजून येत नाही. पण माझ्या हातात जे आयतं येतं ते आधी कुणीतरी अक्षर अक्षर लिहिलेलं असतं, हे मी तुझ्या शेजारी बसून बघितलं. लातूरच्या पोरांना शिकवताना पहिले दोन महिने मी त्यांना फिश दाखवत नाही. तू हे ऐकून काय चेहरा केला असतास ते मला ठाऊक आहे. म्हणून तू असताना सांगितलं नाही.

शेवटचे आठवडे वाईट होते. तू गळ्याखाली कुठंच नव्हतीस, बोलणं कमी झालं, रात्री श्वासाचं यंत्र. हमीदभाईंनी दुकान बंदच ठेवलं. पण त्या सगळ्यात तू एकदाही विचारलं नाहीस, रिपोर्ट गेले का? मी वाट बघायची. येईल प्रश्न, आत्ता येईल. आला नाही. तू हवेबद्दल बोललीस, हमीदभाईंच्या दाढीबद्दल बोललीस, माझ्या नव्या चष्म्याला नावं ठेवलीस. कामाचं काही तुझ्यात अडकून राहिलेलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं ते तुझा त्रास संपला म्हणून, हे खरं. पण त्याची सुरुवात त्या आधीची, तू लॅबमध्ये शेवटची आलीस त्या दुपारची.

मला तूच बोलावून घेतलं होतंस. सकाळची गाडी धरून मी आले. चाकाच्या खुर्चीत तू, मागे हमीदभाई, बाजूला वैशाली. डबे आता वैशालीच्या खात्याशी बोलत होते, पासवर्ड, किल्ल्या सगळं तिच्या नावावर झालं होतं, हे सगळं तू आधीच उरकलं होतंस. म्हणालीस, "फिश काढ."

"का?"

"काढ गे."

त्या फाईलमधली ती ओळ मी पुसली. पडद्यावर नवीन खिडकी उघडली. तिच्यात एक डॉलर आला आणि थांबला. हमीदभाईंनी तुझा हात उचलून कळफलकावर ठेवला.

तुला फक्त बाहेर पडायचं होतं. त्यासाठी 'एक्झिट' लिहावं लागतं, इंग्रजीत, चार अक्षरं. यातून कुणी मोठा अर्थ काढू नये, खात्यातून बाहेर पडायला तेच लिहायचं असतं, आम्ही सगळे दिवसातून दहादा लिहितो. दोन कळा एकत्र दाबूनही बाहेर पडता येतं, पण तुझ्याकडे एकच बोट होतं. मी तुझ्या कोपराखाली हात धरायला पुढे केला. तू माझ्याकडे बघितलंस. मी हात मागे घेतला.

पहिलं अक्षर पडलं. बोट कळेवर तसंच राहिलं, अक्षर पुन्हा पुन्हा उमटत गेलं, पडद्यावर त्याची रांग लागली. तू ती एकेक करून खोडलीस. पुन्हा पहिल्यापासून. पहिलं. दुसरं. मग थांबलीस, खूप थांबलीस. माझ्या पडद्यावर एव्हाना पुढचं सगळं करड्या अक्षरांत मांडलेलं असतं. इथं काही आलं नाही. काही लाल झालं नाही. डॅश तुझ्या दोन अक्षरांपुढे गप्प उभं राहिलं, तुला लागेल तितका वेळ. तिसरं अक्षर. वैशालीनं तोंडावर पदर धरला होता. चौथं.

एंटरची कळ मोठी असते, ती पहिल्या फटक्यात दाबली गेली. खिडकी मिटली.

तू हात मांडीवर घसरू दिलास. "वैशाली," म्हणालीस, "ये, बस." हमीदभाईंनी तुझी खुर्ची मागे घेतली आणि वैशालीनं आपली पुढे ओढली. तू तिच्या पडद्याकडे बघितलंही नाहीस. मान माझ्याकडे वळवलीस.

"चल गे," म्हणालीस, "भूक लागली. घरी खिचडी-खट्टा हाय."